काकतालीय न्याय आणि आमची चिमी
(द्वितीय वर्ष, कला)

कुत्र्याचे केस झडू लागले की आपल्याकडे त्याला एकच शब्द आहे : लूत. हा शब्द एकदा चिकटला, की त्या मुक्या जिवाचे घरातले स्थान संपते. परंतु लूत म्हणजे एकच रोग नव्हे. अनेक कारणांचा तो सारखाच दिसणारा परिणाम आहे. मी विज्ञानाची विद्यार्थिनी नाही. तरीही तर्कशास्त्राच्या तासाला जे शिकले, ते घरच्या एका लहानशा कुत्रीच्या निमित्ताने पडताळून पाहता आले. तेच इथे मांडते.

आधी कारणे पाहू. पिसवांच्या चाव्याची ॲलर्जी असेल तर शेपटीच्या मुळाशी केस जातात. बुरशीमुळे होणाऱ्या गजकर्णाचे बहुधा गोल चट्टे पडतात आणि ते माणसालाही लागते. खरजेचा सूक्ष्म किडा कानांच्या कडांवर नि कोपरांवर हल्ला करतो. कुत्रे रात्रंदिवस खाजवत राहते. डेमोडेक्स नावाचा दुसरा किडा केसांच्या मुळाशी राहतो. आईचे दूध पिताना पहिल्या काही दिवसांतच तो पिल्लाच्या अंगावर येतो आणि एरवी निरुपद्रवी असतो. प्रतिकारशक्ती कमी पडली की मात्र तो बेसुमार वाढतो. मोठ्या कुत्र्यांत थायरॉईड ग्रंथीचा दोषही असू शकतो. प्रत्येकाचा उपचार वेगळा. कातडी किंचित खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून नेमके कारण सांगणे अवघड.

आमच्या चिमीच्या डोळ्यांभोवती आणि पुढच्या एका पायावर चट्टे पडले. धाकटा भाऊ तिला कुशीत घेऊन झोपे. वडील म्हणाले, "पोरांना लागंल. बाजारात नेऊन सोडा तिला." आईने तिला गल्लीतल्या होमिओपॅथी डॉक्टरांकडे नेले. याला कुणी हसू नये. जनावरांचा दवाखाना तालुक्याला, म्हणजे आईचा एक दिवसाचा रोज बुडणार. इथे गोळ्या स्वस्त, गोड, आणि डॉक्टर निवांत ऐकून घेणारे. त्यांनी 'सल्फर ३०' दिले.

सल्फरच का, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. होमिओपॅथीचे जनक जर्मन वैद्य सॅम्युएल हानेमान (१७५५-१८४३). १७९० साली त्यांनी सिंकोनाची साल स्वतः खाऊन पाहिली. आपल्याला हिवतापासारखी लक्षणे झाली असे त्यांना वाटले, आणि त्यातून 'समानाने समान बरे होते' हे सूत्र निघाले. १८२८ साली त्यांनी मांडले, की बहुतेक जुनाट रोगांच्या मुळाशी 'सोरा' नावाचा खरजेचा दोष असतो. आणि त्यावरचे प्रमुख औषध गंधक, म्हणजेच सल्फर. वास्तविक १६८७ सालीच इटलीत बोनोमो यांनी खरजेच्या किड्याचे वर्णन केले होते, आणि १८३४ साली पॅरिसमध्ये तो किडा वैद्यांना प्रत्यक्ष काढून दाखवण्यात आला. कारण डोळ्यांना दिसले. 'सोरा' मात्र पुस्तकात राहिला.

गंमत अशी की गंधक खरोखरच किडे मारतो. त्याचे मलम खरजेवर पूर्वापार वापरात आहे. पण 'सल्फर ३०' मध्ये गंधक किती? एक भाग औषध नव्व्याण्णव भाग पाण्यात किंवा अल्कोहोलात. त्यातला एक भाग पुन्हा नव्व्याण्णव भागांत. असे तीस वेळा. रसायनशास्त्राच्या हिशेबाने बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा शेवटचा रेणू संपतो. पुढच्या अठरा पायऱ्या रिकाम्या भांड्याच्या. आपल्या संसदेने १९७३ साली होमिओपॅथीसाठी कायदा केला, तिची महाविद्यालयेही आहेत. परंतु कायद्याची मान्यता वेगळी आणि पुरावा वेगळा. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा एकाही आजारावर ती परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही.

तरीही तीन आठवड्यांत चिमीच्या डोळ्यांभोवती केस आले! आई हरखली. इथेच काकतालीय न्याय आठवावा : कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. लहान पिल्लांतले डेमोडेक्सचे थोडे चट्टे बहुधा एक-दोन महिन्यांत आपोआपच भरतात. त्या काळात जे दिले, त्याला यश मिळते. पुढे चारही पायांवर नवे चट्टे आले, पू झाला, आणि मग मात्र तालुक्याला जावेच लागले.

तिथल्या डॉक्टरांनी कातडी खरवडली, काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, आणि शाळेची पायरी कधी न चढलेल्या माझ्या वडिलांना म्हणाले, "या, तुम्हीच बघा." वडील बराच वेळ वाकून राहिले. वर पाहून एवढेच म्हणाले, "हलतंय की!" चिमीला सोडण्याची गोष्ट त्यानंतर घरात निघाली नाही, कारण डेमोडेक्स माणसाला लागत नाही, हेही त्यांना तिथेच कळले. वजनाप्रमाणे औषध सुरू झाले. महिन्या-महिन्याने पुन्हा काच तपासली. लागोपाठ दोन तपासण्यांत किडा दिसला नाही तेव्हाच औषध थांबले.

कुणी विचारील, इथेही कावळाच बसला नसेल कशावरून? प्रश्न रास्त आहे. एका चिमीवरून काहीच सिद्ध होत नाही. फरक असा, की इथे कारण आधी दाखवले, उपचारानंतर ते नाहीसे झाल्याचे तपासले, आणि हे औषध अनेक कुत्र्यांवर तुलनेने पारखलेले होते. तिथे यातले काहीच नव्हते.

म्हणून विनंती : कुत्र्याला लूत लागली तर रॉकेल किंवा गाडीचे जळके तेल चोळू नका, ते चाटून जनावर दगावते. आयव्हरमेक्टिनही मनाने देऊ नका; कोलीसारख्या जातींना ते जीवघेणे ठरू शकते. आधी कातडी तपासून घ्या. आणि डॉक्टर कोणत्याही पॅथीचे असोत, "हे कशावरून?" असे नम्रपणे विचारा. आमच्यासारख्या घरांत डॉक्टरांना प्रश्न विचारणे उद्धटपणाचे समजतात. माझ्या वडिलांना ज्यांनी काचेत पाहू दिले, त्यांना तो उद्धटपणा वाटला नाही.