शॉक दिल्यानंतरची दोन मिनिटं

दिवाळी आटोपली, धान घरात आला की गडचिरोली जिल्ह्यात वडशातल्या नाटक कंपन्यांच्या कार्यालयांसमोर मोटरसायकलींची गर्दी होते. गावोगावच्या मंडळांची माणसं मंडईसाठी, शंकरपटासाठी नाटक ठरवायला आलेली असतात. तिथून होळीपर्यंत पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत रोज कुठे ना कुठे शामियाना लागतो. रात्री उघडलेला पडदा पहाटेच पडतो. समोर हजारो माणसं असतात, त्यांत घरची म्हातारीकोतारीही आलेली असतात.

समजा, अशाच एका रात्री पुढच्या रांगेतले पन्नाशीचे एक काका बसल्या जागी कलंडले. हाक मारली तर ओ नाही. मधूनच तोंड उघडून आचका देतात. कोणी म्हणतं, श्वास चालू आहे. कोणी पाणी मारतं, कोणी कांदा हुंगवतं. पण तो आचका म्हणजे श्वास नव्हे. हृदय थांबल्यावरही मेंदूच्या तळाकडून काही काळ असे आचके येत राहतात, आणि त्यांच्यामुळेच पहिली मोलाची मिनिटं हातची जातात.

रंगमंचाला हे दुःख नवं नाही. २२ ऑक्टोबर २०१६ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात कार्यक्रम सादर करतानाच अभिनेत्री अश्विनी एकबोटे कोसळल्या आणि गेल्या. त्या अवघ्या ४४ वर्षांच्या होत्या.

आपल्या भाषेत एक अडचण आहे. हृदयविकारालाही आपण ‘झटका आला’ म्हणतो आणि विजेचाही झटकाच दिला जातो. गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग यांच्या ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकामुळे रक्तवाहिनी तुंबणं म्हणजे काय, हे मराठी घरांत बरंच पोचलं. कार्डिअ‍ॅक अरेस्ट ही त्याच्या पुढची, वेगळी गोष्ट. तुंबलेल्या वाहिनीमुळे स्नायूचा एखादा भाग प्राणवायूवाचून तडफडू लागतो आणि हृदयाची अंतर्गत वीज बिघडते. खालचे दोन कप्पे एका ठेक्यात आवळायचं सोडून नुसते थरथरू लागतात. याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. स्नायू जिवंत असतो, राबतही असतो, पण रक्ताचा थेंब पुढे सरकत नाही. दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. छाती कोणी दाबली नाही, तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते.

या थरथरीवर इलाज विजेचा. डिफिब्रिलेटर छातीतून १२० ते २०० जूलच्या आसपास ऊर्जा क्षणार्धात सोडतो. हृदयाच्या बहुतेक पेशी त्यामुळे एकदमच उत्तेजित होतात आणि मग सगळ्याच एकदम गप्प होतात. या शांततेत हृदयाचा मूळ ताल धरणारा उजव्या वरच्या कप्प्यातला पेशींचा पुंजका पुन्हा ठेका देईल, अशी आशा असते. म्हणजे शॉक हृदय ‘सुरू’ करत नाही. तो गोंधळ थांबवतो. सिनेमात सपाट रेषेवर शॉक देताना दाखवतात ते चूक आहे. सपाट रेषेला थांबवण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

शॉक ‘यशस्वी’ झाला असं वैद्यकशास्त्र कधी म्हणतं? शॉकनंतर किमान ५ सेकंद थरथर दिसली नाही की झालं. त्या ५ सेकंदांनंतर कागदावर सपाट रेषा असली तरी तो यशस्वीच. आजची यंत्रं बहुतेक वेळा पहिल्याच शॉकमध्ये थरथर थांबवतात, आणि तरीही माणसं दगावतात.

कारण शॉकनंतर लगेच नाडी लागणं हा अपवाद आहे. बहुतेकदा आधी सपाट रेषा येते, किंवा मंद, रुंद ठोके पडद्यावर दिसतात पण मनगटाला काहीच लागत नाही. वीज परतलेली असते, पंप परतलेला नसतो. काही मिनिटं उपाशी राहिलेल्या स्नायूत आवळण्याचं बळच नसतं. दुसरा धोका थरथर परतण्याचा. रुग्णालयाबाहेरच्या अरेस्टच्या अनेक अभ्यासांत निम्म्या किंवा त्याहून जास्त रुग्णांत ती परतलेली आढळली, पुष्कळदा पहिल्या मिनिट-दोन मिनिटांतच. परतणारच ती! तुंबलेली वाहिनी अजून तुंबलेलीच आहे, पेशींमधून पोटॅशियम बाहेर झिरपलंय, आत कॅल्शियम साचलंय, अंगात अ‍ॅड्रेनलिनचा पूर आहे. शॉकने यातलं काहीच बदलत नाही. ते बदलायला रक्त हवं, आणि त्या घडीला रक्त पोचवणारी एकच गोष्ट असते: छातीवरचे हात.

म्हणूनच २००५ मध्ये जगभरचे नियम बदलले. तोवर एकापाठोपाठ तीन शॉक द्यायचे, मधे ताल बघायचा, नाडी चाचपायची अशी रीत होती. त्या पाहण्या-चाचपण्यात अर्धा-अर्धा मिनिट छाती रिकामी राहायची. आता एक शॉक, आणि नाडी न बघता लगेच दोन मिनिटं दाब. छाती दाबणं थांबलं की हृदयाच्या स्वतःच्या वाहिन्यांतला दाब तत्काळ कोसळतो, आणि तो पुन्हा उभा करायला छाती बऱ्याच वेळा दाबावी लागते. विहिरीच्या मोटेसारखं आहे हे. बैल थांबले की पाटही थांबला.

इथे एक प्रामाणिक शंका निघते: दाबल्यामुळेच थरथर परतत नाही ना? अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी २०१० मध्ये नेमकं हेच तपासलं. शॉकनंतर लगेच दाब सुरू केला तर थरथर लवकर परतते, हे त्यांना दिसलं. दाब सुरू होताच पहिल्या काही सेकंदांत तिचा धोका सर्वांत जास्त होता. पण लवकर दाबल्याने माणसं जास्त दगावली, असं मात्र दिसलं नाही. मला यातला हिशेब सरळ वाटतो. थरथर परतली तर तिला पुन्हा शॉक देता येतो. न पोचलेल्या रक्ताची भरपाई कशानेच होत नाही.

हे शहाणपण पहिल्या दिवसापासून समोर होतं. १९४७ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडच्या डॉ. क्लॉड बेक यांनी माणसाचं थरथरतं हृदय विजेने पहिल्यांदा ताळ्यावर आणलं. १४ वर्षांचा मुलगा, छातीची शस्त्रक्रिया संपत आलेली. हृदय बिघडल्यावर बेक यांनी छाती पुन्हा उघडली आणि यंत्र येईपर्यंत हृदय हाताने पिळत राहिले. पहिल्या शॉकने काम झालं नाही. पुन्हा हात, औषध, पुन्हा शॉक. मुलगा वाचला. दोन शॉकांच्या मधले ते हात मला त्या यंत्राइतकेच थोर वाटतात.

काही हृदयं तीन-तीन शॉकना दाद देत नाहीत. कॅनडात अशा ४०५ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. नेहमीच्या जागीच यंत्राचे पॅड ठेवून शॉक दिले त्यांतले १३.३ टक्के घरी परतले. एक पॅड छातीवर, दुसरा पाठीवर लावून विजेची वाट बदलली तेव्हा २१.७ टक्के, आणि दोन यंत्रांनी लागोपाठ शॉक दिले तेव्हा ३०.४ टक्के. वीज कुठून जाते यालाही एवढं महत्त्व आहे.

१४ डिसेंबर २०२३ रोजी मुंबईत अभिनेते श्रेयस तळपदे रुग्णालयाच्या वाटेवर गाडीतच बेशुद्ध झाले. काही मिनिटं हृदय थांबलं होतं, सीपीआर (छाती दाबणं) आणि विजेच्या शॉकने आपण परतलो, असं त्यांनी नंतर स्वतः सांगितलं. त्यांची गाडी रुग्णालयाच्या जवळ पोचली होती. झाडीतल्या शामियान्याजवळ रुग्णालय नसतं. वडसा ते गडचिरोली सुमारे ५० किलोमीटर; ब्रह्मपुरी जवळ, पण मधे वैनगंगा. आतल्या गावांतून तर वडसा हेच लांब. १०८ची सेवा २०१४ मध्ये राज्यभर सुरू झाली तेव्हा ९३७ रुग्णवाहिका होत्या, त्यांतल्या २३३ अतिदक्षतेच्या. चालकाने कितीही जीव तोडून गाडी हाकली, तरी पहिली दहा मिनिटं गावाचीच असतात.

त्या दहा मिनिटांत करायचं ते कोणालाही जमण्यासारखं आहे. एकाने १०८ लावायचा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध तळव्यावर तळवा ठेवून, कोपर न वाकवता, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाबायचं आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. हात भरून येतात, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. शामियान्यात माणसांची वाण नाही. बोलणारं एईडी यंत्र (स्वयंचलित डिफिब्रिलेटर) मिळालं तर ते सांगेल तेवढा वेळच दूर व्हायचं. शॉक बसला की सगळे वाकून बघत राहतात, काका डोळे उघडतील म्हणून. बघत राहू नका. काका हलले नाहीत, नीट श्वास घेऊ लागले नाहीत, तर लगेच पुन्हा हात छातीवर.

मंडळाच्या पोरांनो, या हंगामात नाटकाची तारीख घ्यायला वडशाला याल, तेव्हा तिथल्या ग्रामीण रुग्णालयाकडेही गाडी वळवा. सीपीआर शिकवायला गावात या म्हणून डॉक्टरांना विनंती करा, आणि त्यांच्याही एका दुपारची तारीख घेऊन जा.