चार इंची चकतीचा हिशेब

साध्या चार इंची ग्राइंडरच्या पाटीवर बहुधा ११,००० आरपीएमच्या आसपासचा आकडा असतो. चकतीचा व्यास १०० मिलिमीटर धरला, तर तिची कड सेकंदाला सुमारे ५८ मीटर, म्हणजे ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने फिरते. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत मशीन घ्यायला आलेलं गिऱ्हाईक वॅट, कंपनी, वॉरंटी सगळं खोदून खोदून विचारतं. चकतीची वेळ आली की मात्र ‘द्या एक चार इंची’ एवढ्यावर सौदा संपतो. कापते ती चकती आणि फुटून अंगावर येते तीही चकतीच, तरी चौकशी होते ती मोटारीची.

हे यंत्र फार जुनं नाही. जर्मनीतल्या फ्लेक्स कंपनीने १९५४ साली वेगवान अँगल ग्राइंडर बाजारात आणला. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल यांनी कृत्रिम हिरा बनवला. आज लादीवाल्याच्या पिशवीत असलेलं डायमंड ब्लेड अशाच कृत्रिम हिऱ्याच्या कणांवर चालतं.

लोखंड कापायची पातळ चकती म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण, त्यांना धरून ठेवणारं रेझिन आणि आत काचतंतूंची जाळी. जाडी एक ते तीन मिलिमीटर. कापताना वरचे कण बोथट होऊन गळतात, खालचे धारदार कण उघडे पडतात. चकती लहान होत जाते, आणि ती तशी व्हायलाच हवी. तिला सोसत नाही तो बाजूने येणारा दाब. अँगल कापून झाला की त्याच चकतीच्या अंगाने वेल्डिंगचा फुगवटा घासणारे फॅब्रिकेशनवाले गावोगाव दिसतात. घासायला सहा मिलिमीटरच्या आसपास जाडीची वेगळी चकती मिळते आणि ती चढवायला दोन मिनिटंही लागत नाहीत. स्टेनलेस स्टीलच्या रेलिंगसाठी ‘आयनॉक्स’ लिहिलेली चकती घ्यावी. तिच्यात लोह, गंधक आणि क्लोरीन नगण्य असतं. लोहकण स्टीलच्या पृष्ठभागात रुतले, तर चकचकीत कठड्यावर पुढे तांबूस ठिपके उमटतात.

चकतीवरचा सर्वांत महत्त्वाचा आकडा तिच्या कमाल वेगाचा. रेझिनच्या बहुतेक चकत्या सेकंदाला ८० मीटरपर्यंतच्या असतात. मोठी चकती जास्त खोल कापेल म्हणून गार्ड काढून चार इंची मशीनवर सात इंची चकती चढवली, की ११,००० आरपीएमला तिची कड सेकंदाला १०० मीटरच्या पुढे जाते. ती कधी फुटेल हे सांगता येत नाही, आणि तुकडे अडवणारा गार्ड तर आधीच काढून ठेवलेला असतो. छिद्राचंही तसंच. चार इंची ग्राइंडरच्या चकतीचं छिद्र १६ मिलिमीटरचं असतं, मार्बल कटरच्या ब्लेडचं २०. ते ग्राइंडरवर चढवताना मधली फट पत्र्याची पट्टी गुंडाळून भरली, तर ब्लेड मध्यावर बसत नाही आणि मशीन हाताला झिणझिण्या येईपर्यंत थरथरतं.

चांगल्या चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर महिना आणि वर्ष असतं. ती वापराची मुदत. युरोपीय मानकाप्रमाणे रेझिनच्या कापायच्या चकतीला तयार झाल्यापासून तीन वर्षं मिळतात, कारण काळ आणि ओलावा दोन्ही रेझिनला दुबळं करतात. कोकणात चार महिने पत्र्याच्या शेडमध्ये उघड्या पडलेल्या चकत्यांचा म्हणूनच भरवसा धरू नये. हातातून फरशीवर पडलेली चकतीही फेकून द्यावी. तडा आतल्या थरात असेल, तर डोळ्यांना दिसत नाही.

डायमंड ब्लेडचं गणित पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटं वाटतं. पोलादी चकतीच्या कडेला धातूच्या भुकटीत हिऱ्याचे कण बसवलेले असतात आणि ती भुकटी झिजली तरच नवे हिरे बाहेर येतात. ग्रॅनाइटसारखा कठीण दगड भुकटीची ही पकड लवकर झिजवत नाही, म्हणून त्याच्यासाठी ती मऊ ठेवतात. ताजं सिमेंट किंवा खरखरीत वीट तिला भराभर खाते, म्हणून तिथे कडक पकड लागते. ग्रॅनाइटच्या ओट्यावर ब्लेड नुसतं घासत राहिलं, ठिणग्या आल्या पण खाच पुढे सरकेना, की अनेक मिस्त्री ते बाद करतात. पुष्कळदा हिरे संपलेले नसतात, फक्त झाकले गेलेले असतात. खरखरीत सिमेंटच्या ब्लॉकमध्ये दोन-चार काप घेतले की तेच ब्लेड पुन्हा चालू लागतं. टाइलची कड फुटू नये म्हणून अखंड कडेचं ब्लेड घ्यावं. काँक्रीटला खाचांचं घ्यावं, त्या खाचांतून भुकटी निघून जाते आणि ब्लेडला वारा लागतो.

सर्वांत मोठी काळजी लाकडाची आहे. मार्बल कटरला कार्बाइडच्या दातांचं ब्लेड लावून प्लायवूड कापणं आता फर्निचरच्या कामात सर्रास झालंय. कारण उघड आहे: मशीन हलकं, स्वस्त आणि आधीच हाताशी असलेलं. पण लाकडाच्या सर्क्युलर सॉला खालून आपोआप मिटणारा गार्ड असतो आणि सात इंची सॉचा वेग ५,००० आरपीएमच्या आसपास राहतो. मार्बल कटर १२,००० च्या पुढे फिरतो आणि त्याच्या ब्लेडचा खालचा भाग उघडाच असतो. दात रेषांत अडकला किंवा प्लाय मध्ये झुकून फट मिटली, की मशीन उसळून मागे येतं, थेट मांडीवर किंवा हातावर. ग्राइंडरवर दातेरी ब्लेड लावू नये, असं कंपन्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहितात. सुताराला सॉ परवडत नसेल, तर तो काम देणाऱ्याने भाड्याने आणून द्यावा. बोट गमावलेल्या माणसाला रंधा धरता येत नाही.

बाकीची काळजी थोडक्यात सांगता येते. चकती बदलताना प्लग काढायचा. नवी चकती मिनिटभर मोकळी फिरवायची, आणि तेव्हा तिच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. कापायच्या वस्तूला खाचेच्या दोन्ही बाजूंना आधार द्यायचा, म्हणजे फट मिटत नाही. दोन्ही हात मशीनवर, डोळ्यांवर गॉगल, गळ्यात लोंबतं काही नको.

धूळ मात्र थोडक्यात उरकण्यासारखी नाही. ग्रॅनाइट आणि सँडस्टोनच्या धुळीत स्फटिक सिलिका असते आणि स्वयंपाकघरात लोकप्रिय झालेल्या कृत्रिम क्वार्ट्‌झमध्ये तिचं प्रमाण ९० टक्क्यांवरही जातं. तिच्यामुळे होणाऱ्या सिलिकोसिसवर उपाय नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडाचा वापर बंद केला. नाकाला बांधलेला पंचा ही बारीक धूळ अडवत नाही. एन-९५ दर्जाचा मास्क हवा आणि ब्लेडवर पाण्याची धार हवी. पाणी आणि वीज एकत्र येतात, तेव्हा त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. खाली साचणारा राखाडी चिखल ओला असतानाच पुसून बादलीत घ्यावा, कारण वाळल्यावर झाडू फिरवला की तीच धूळ पुन्हा हवेत उडते.