ट्रायथलॉन: बुलढाण्याच्या हौशी खेळाडूसाठी

क्रम: पोहणे, सायकल, धावणे. घड्याळ मध्ये थांबत नाही. कपडे-बूट बदलण्याचा वेळही मोजला जातो.

अंतरे
- स्प्रिंट: ७५० मीटर, २० किमी, ५ किमी. पहिल्या शर्यतीसाठी हीच बरी.
- ऑलिंपिक: १.५, ४०, १० किमी. ऑलिंपिकमध्ये समावेश २००० साली, सिडनीत.
- हाफ आयर्नमॅन (७०.३): १.९, ९०, २१.१ किमी. ७०.३ हा आकडा एकूण मैलांचा. म्हणजे ११३ किमी. गोव्यात पहिल्यांदा २०१९ साली, मिरामार किनाऱ्यावर.
- आयर्नमॅन: ३.८, १८०, ४२.२ किमी. मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर, २०१५ मध्ये झुरिकला पूर्ण केली.

वयोगट: बहुधा पाच-पाच वर्षांचे. वय त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरचे धरतात. ऑक्टोबरच्या शर्यतीत ३९ वर्षांचा असलेला खेळाडू डिसेंबरमध्ये चाळिशी गाठणार असेल, तर तो ४०–४४ गटात.

हेल्मेट: नवख्यांची चूक इथेच होते. सायकल स्टँडवरून काढण्याआधी हेल्मेटचा पट्टा लावलेला हवा आणि सायकल परत टांगेपर्यंत तो सोडायचा नाही. आखलेल्या रेषेपर्यंत सायकल हाताने ढकलत न्यायची, रेषेपलीकडे गेल्यावरच बसायचे.

ड्राफ्टिंग: पुढच्या सायकलच्या आडोशाने वारा चुकवणे. वयोगटाच्या बहुतेक शर्यतींत मनाई. आयर्नमॅन मालिकेत वयोगटाच्या खेळाडूंना १२ मीटर अंतर राखावे लागते.

जिल्ह्यात सराव: चढासाठी राजूर घाट. पोहण्यासाठी जलतरण तलावच. लोणार सरोवर क्षारयुक्त आहे, शिवाय अभयारण्य. येळगाव धरणाचे पाणी बुलढाणा शहर पिते.