रिस्टोअर पॉइंट कुठे गेले?

व्हायरस निघाला, संगणक सुरू झाला, पण 'सिस्टिम रिस्टोअर' उघडले तर एकही रिस्टोअर पॉइंट नाही. हा बहुतेक वेळा योगायोग नसतो. मे 2017 मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने फायली कुलूपबंद करण्याबरोबरच रिस्टोअर पॉइंट ज्यांत साठवलेले असतात त्या विंडोजच्या शॅडो कॉपी पुसल्या आणि बिघाडानंतर आपोआप सुरू होणारी दुरुस्तीही बंद केली. मागे फिरण्याची वाट उरली, तर खंडणी कोण देणार?

पुसलेल्या पॉइंटची आशा धरू नका. सुविधा मात्र पुन्हा सुरू करता येते. आधी विंडोजमधल्या डिफेंडर या अँटिव्हायरसचे ऑफलाइन स्कॅन करा. ते नेहमीचे विंडोज सुरू नसताना चालते, त्यामुळे व्हायरसला लपणे अवघड जाते. मग रजिस्ट्रीच्या पॉलिसी विभागात 'डिसेबलएसआर' ही नोंद शोधा. तिथे 1 असेल, तर सिस्टिम रिस्टोअर बंदच राहते. घरच्या संगणकावरून ती काढून टाका. कार्यालयात मात्र आधी तंत्रज्ञाला विचारा, कारण ती मुद्दाम लावलेली असू शकते. 'व्हॉल्यूम शॅडो कॉपी' ही सेवा बंद करून ठेवलेली नाही ना, तेही पाहा.

जुने पॉइंट शिल्लक असले, तरी माझा त्यांच्यावर भरवसा नाही; संसर्ग झालेली फाइल त्यांत जपलेली असू शकते. संगणक स्वच्छ झाल्याची खात्री पटली की ते पुसून नवा पॉइंट तयार करावा. तुमचे फोटो आणि कागदपत्रे त्यात येत नाहीत. त्यांची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क संगणकापासून काढून ठेवा.