वॉकर कुणाच्या मालकीचा?

रात्रीचे अकरा. चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक बाई बाथरूममध्ये पडल्या म्हणून इमर्जन्सीत आल्यात. डोक्याचा सीटी स्कॅन ठीक, खुब्याचा एक्स-रे ठीक, रक्ताचे रिपोर्ट वयाच्या मानाने चांगले. आता एकच गोष्ट बघायची राहिली: बाई उठून दहा पावलं चालतात का? त्यासाठी वॉकर हवा. वॉकर फिजिओथेरपीच्या खोलीत आहेत आणि त्या खोलीला संध्याकाळी पाचला कुलूप लागतं. मग बाईंना कुणी चालवूनच बघत नाही. 'घरी सोडणं सुरक्षित नाही' असा शेरा पडतो आणि बाई वरच्या मजल्यावर दाखल होतात. वर पलंग रिकामा नसेल तर बाहेरच्या पॅसेजमध्ये, दोन बोटं जाडीच्या गादीच्या स्ट्रेचरवर सकाळपर्यंत पडून राहतात. डोक्यावर ट्यूबलाइट, शेजारी कुणाच्या तरी मॉनिटरची टिटवी.

मी अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका मध्यम आकाराच्या शहरात इमर्जन्सी डॉक्टर आहे. आमच्या ईडीत (इमर्जन्सी डिपार्टमेंटला आम्ही सगळे ईडीच म्हणतो) माझ्या शेजारच्या संगणकावर बसणाऱ्या एका सहकारी डॉक्टरने काही वर्षांपूर्वी मनावर घेतलं की इथे वृद्धांसाठी नीट व्यवस्था उभी करायची आणि तिचं मेडिकल डायरेक्टर व्हायचं. असं पद तेव्हा आमच्या हॉस्पिटलात नव्हतंच. ते तिने कसं निर्माण केलं ते मी शेजारी बसून पाहत आलो.

सुरुवात वॉकरपासूनच झाली. तिने विचारलं, हे वॉकर कुणाचे? फिजिओथेरपीवाले म्हणाले, आमच्या बजेटमधले आहेत, रात्री गायब होतात. स्टोअरवाले म्हणाले, वॉकर पेशंटच्या नावाने बिल करून द्यायची वस्तू आहे, विभागात ठेवायची नाही. नर्सिंग मॅनेजर म्हणाली, ठेवायला जागा दाखवा. इन्फेक्शन कंट्रोलचा प्रश्न होता, एका पेशंटने वापरल्यावर पुसणार कोण? चौघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं. माझ्यासारख्याने एक चिडका ईमेल पाठवून विषय सोडला असता. ती चौघांच्याही खोलीत स्वतः गेली, कॉफी घेऊन. शेवटी हॉस्पिटलच्या स्वयंसेवकांचं गिफ्ट शॉप आहे, त्यांच्या निधीतून सहा वॉकर आणि दोन काठ्या आल्या. मालक ईडी. पुसण्याचं काम टेक्निशियनच्या यादीत गेलं. जागा मिळाली क्रॅश कार्टच्या शेजारी, जिथे पूर्वी मोडक्या व्हीलचेअर साठायच्या.

माझ्या मते त्या दिवशी ती डायरेक्टर झाली. पदाचं पत्र बरंच नंतर आलं.

हा मार्ग मुळात आखलेला नाही. हृदयरोगतज्ज्ञ व्हायचं असेल तर ठरलेली शिडी असते: प्रशिक्षण, परीक्षा, प्रमाणपत्र. वृद्धांच्या इमर्जन्सी उपचारांना अमेरिकेत अशी स्वतंत्र बोर्डाची परीक्षा नाही. काही विद्यापीठांच्या हॉस्पिटलांत एक-दोन वर्षांच्या फेलोशिप आहेत, पण त्या मोजक्या. बाकीचे तिच्यासारखे: शिफ्ट करता करता ऑनलाइन अभ्यासक्रम, परिषदा, जेरियाट्रिक्सच्या बाह्यरुग्ण विभागात स्वखुशीने घालवलेले सकाळचे तास. ईडीच्या जगात मान असतो तो ट्रॉमाला, अल्ट्रासाउंडला, विषबाधेच्या गुंतागुंतीच्या केसला. पंचाऐंशी वर्षांच्या 'नुसत्या अशक्तपणा'ची फाइल यादीत वर आली की तरण्या डॉक्टरांचे हात हळूच खालच्या फाइलकडे जातात. माझेही जायचे. त्या फाइलला तासभर लागतो, तेरा गोळ्यांची यादी असते, मुलगी दुसऱ्या राज्यातून फोनवर असते, आणि शेवटी निदान काय तर पाच कारणं थोडी थोडी.

तरी चौकट अगदीच नाही असं नाही. २००८ मध्ये मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगच्या होली क्रॉस हॉस्पिटलने ज्येष्ठांसाठी वेगळी ईडी उघडली. या देशातली पहिली म्हणून तिचं नाव घेतात. मग 'सीनियर इमर्जन्सी'च्या पाट्या बऱ्याच ठिकाणी लागल्या. काही पाट्यांमागे खरं काम होतं, काहींमागे सौम्य रंगाच्या भिंती आणि जाहिरातीचं बजेट. २०१४ मध्ये इमर्जन्सी डॉक्टर, इमर्जन्सी नर्स, जेरियाट्रिक्सचे तज्ज्ञ आणि ईडीतले प्राध्यापक-संशोधक यांच्या चार राष्ट्रीय संघटनांनी एकत्र मार्गदर्शक तत्त्वं काढली. २०१८ पासून अमेरिकन कॉलेज ऑफ इमर्जन्सी फिजिशियन्स ही संघटना ईडींना मानांकन देऊ लागली: पातळी तीन, दोन, एक, म्हणजे कांस्य, रौप्य, सुवर्ण. आता अशी मानांकित ठिकाणं चारशेच्या पुढे गेली आहेत. मानांकन तीन वर्षांचं, मग पुन्हा परीक्षा.

सर्वांत खालच्या पातळीच्या अटी मी पहिल्यांदा वाचल्या तेव्हा हसू आलं होतं. या विषयाचं शिक्षण घेतलेला एक डॉक्टर आणि एक नर्स. वृद्धांसाठीची एखादी लेखी कार्यपद्धती. चोवीस तास वॉकर-काठी. चोवीस तास खायला-प्यायला. बस. पण रात्री दोन वाजता आमच्या ईडीत मऊ खाणं मागून बघा: खारे क्रॅकर आणि डब्यातला सफरचंदाचा रस. दातांची कवळी घरी राहिलेल्या माणसाने क्रॅकर कसे खायचे? चौदा तास उपाशी राहिलेला म्हातारा माणूस गोंधळला तर त्यात नवल ते काय. सूप, दही आणि जेली ठेवायला फ्रिज मागवला, तर अन्नाच्या फ्रिजचं तापमान रोज नोंदवायची जबाबदारी कुणाची, यावर पुन्हा एक बैठक.

या सगळ्यात खरं वैद्यक कुठे आहे, असं मी तिला एकदा विचारलं. तिने मला कॉरिडॉरमधून एक फेरी मारायला लावली.

त्या फेरीत तिने दाखवलं ते हे: वृद्धांच्या बाबतीत ईडीतून सर्वांत सहज निसटणारी गोष्ट म्हणजे डिलिरियम. जंतुसंसर्गाने, औषधाने, दुखण्याने, कधी नुसत्या तुंबलेल्या लघवीने काही तासांत मन भरकटतं. मधेच ठीक वाटतं, पुन्हा भरकटतं. आरडाओरडा करणारा पेशंट कुणालाही दिसतो. गप्प पडून राहणारा दिसत नाही, उलट 'शहाणा पेशंट' म्हणून त्याच्याकडे शेवटी जातात. ईडीतले डॉक्टर डिलिरियम पकडतात त्याहून जास्त वेळा तो त्यांच्या हातून सुटतो, हे अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ईडीसाठीच बसवलेली एक चाळणी आहे, वीसेक सेकंदांची: पेशंट किती जागा आहे ते बघायचं आणि 'लंच' या इंग्रजी शब्दाची अक्षरं उलटी म्हणायला लावायची. चुकलं तर पुढची चाचणी. तिच्यात डिसेंबरपासून जुलैपर्यंत महिने उलटे म्हणायचे.

एका संध्याकाळी तिने मला बाराव्या खोलीत बोलावलं. मुलीकडे राहायला आलेल्या पुण्याच्या एक आजी. पडल्या होत्या, मनगट दुखत होतं. नर्सने नोंदीत 'गोंधळलेल्या' असं लिहिलेलं. व्हिडिओवर मराठी दुभाषा मिळत नव्हता आणि घरच्यांकडून दुभाष्याचं काम करवून घ्यायचं नाही असा नियम. मी म्हटलं, "आजी, महिने उलटे म्हणून दाखवता का? शेवटच्यापासून." त्यांनी हात कानामागे नेला. मी वाकून पुन्हा मोठ्याने विचारलं. "इंग्रजी की आपले?" "तुम्हाला येतील ते." आजींनी डोळे मिटून फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष अशी सरसर उतरंड लावली आणि भाद्रपदाला थांबून विचारलं, "अधिक मास धरायचा का?"

गोंधळ नव्हताच. श्रवणयंत्र घरी राहिलं होतं आणि मास्क लावलेली माणसं भराभर इंग्रजीत बोलत होती. हा निकाल चार्टमध्ये कसा लिहायचा यावर आम्ही थोडं हसलो. चाचणी पंचांगावर तपासून घेतलेली नाही. मग तिने पुढच्या महिन्याच्या मागण्यांत हेडफोन असलेले खिशातले ध्वनिवर्धक घातले. स्वस्त वस्तू. तरी ती कुणाच्याच यादीत नव्हती.

तिची पद्धत हळूहळू माझ्या लक्षात आली. जे कुणाचंच नाही ते शोधायचं आणि त्याला धनी मिळवून द्यायचा. संगणकातल्या तयार ऑर्डरच्या यादीत झोपेसाठी डायफेनहायड्रामीन, म्हणजे बेनाड्रिल, आधीच टिक केलेलं असायचं. वृद्धांना टाळायच्या औषधांची बिअर्स यादी १९९१ पासून आहे, जेरियाट्रिक्सची संघटना ती नियमित सुधारते आणि तिच्यात हे औषध ठळकपणे आहे. तरी आमच्या यादीतली ती टिक कुणी केली होती ते कुणाला सांगता येईना. ती काढायला औषध समिती, मग आयटी समिती, मग चाचणी, आणि मग एका गुरुवारी ती निघाली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लघवीच्या नळीचंही तसंच. संडास लांब आहे म्हणून म्हाताऱ्या बायांना कॅथेटर घातला जायचा. तो घातला की उठणं बंद, संसर्गाला वाट मोकळी. तिने कॅथेटरच्या ऑर्डरमध्ये कारण लिहायची एक चौकट घालून घेतली. लिहायला कारण सापडत नसलं की बरेच जण ऑर्डर रद्द करतात, एवढंच.

खुब्याच्या फ्रॅक्चरसाठी मात्र तिला खरंच हाताचं कौशल्य लागलं. जांघेजवळ अल्ट्रासाउंडने बघत भुलीचं औषध सोडायचं, नर्व्ह ब्लॉक. वेदना उतरते, मॉर्फिन कमी लागतं, मॉर्फिनने येणारी गुंगीही कमी. इथे तरण्या डॉक्टरांची रांग लागली, कारण यात सुई आहे, पडदा आहे, काहीतरी 'केल्याचं' समाधान आहे. तिने त्या आकर्षणाचा बिनदिक्कत उपयोग केला: ब्लॉक शिकायचा असेल तर आधी डिलिरियमच्या चाळणीचं प्रशिक्षण.

पैशाचा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण तो ऐकून माझं डोकं दुखतं. डायरेक्टरकीसाठी तिला आधी मिळाला पूर्ण नोकरीचा दशांश, म्हणजे आठवड्याला चारेक तास शिफ्टमधून सुटका. काम त्याच्या तिप्पट. जास्त मागायचं तर फायदा दाखवा. फायदा दाखवणं अवघड, कारण चांगलं झालं तर काहीच घडत नाही: पेशंट दाखल होत नाही, पडत नाही, परत येत नाही. न्यूयॉर्कचं माउंट सायनाय, शिकागोचं नॉर्थवेस्टर्न आणि न्यू जर्सीतल्या पॅटरसनचं सेंट जोसेफ्स या तीन हॉस्पिटलांत ईडीतच खास नर्स नेमून वृद्धांची पुढची व्यवस्था लावली, तेव्हा दाखल होण्याचं प्रमाण कमी झालं. तो अभ्यास ती कायम खिशात ठेवते. पण पलंग भरलेले असण्यावरच ज्यांचं उत्पन्न चालतं त्यांना 'कमी दाखल' ही बातमी चांगली की वाईट, हे आधी ठरवावं लागतं. त्यात मेडिकेअरचे, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचे, नियम. पारंपरिक मेडिकेअरमध्ये सलग तीन दिवस इनपेशंट म्हणून काढल्याशिवाय पुनर्वसनासाठीच्या स्किल्ड नर्सिंग केंद्राचा खर्च मिळत नाही, आणि 'ऑब्झर्व्हेशन'खाली (कागदोपत्री दाखल न करता) काढलेल्या रात्री त्यात धरत नाहीत. पेशंट तोच, पलंगही तोच असतो. फॉर्मवरच्या एका खुणेने कुटुंबाच्या अंगावर हजारो डॉलर येतात.

तिला जोर मिळाला तो सरकारी कागदातून. २०२५ पासून मेडिकेअरने हॉस्पिटलांना 'वृद्धस्नेही' निकषांवर माहिती द्यायला लावली आहे. त्यातला एक भाग थेट नेतृत्वाचा: या कामाची जबाबदारी कुणावर आहे ते नेमून दाखवा. दुसऱ्या भागात ईडीचा उल्लेख आहे: वृद्ध पेशंट आल्यापासून आठ तासांत, किंवा दाखल करायचं ठरल्यापासून तीन तासांत वर हलवण्याचं लक्ष्य ठेवा. माहिती न देणाऱ्यांच्या पैशाला कात्री लागते. ते पान तिने वित्तप्रमुखांसमोर ठेवलं आणि एक शब्दही न बोलता थांबली, असं ती सांगते. मी तिथे नव्हतो. ती एक शब्दही बोलली नसेल यावर माझा विश्वास नाही.

माझी एक शंका अजून तशीच आहे. ईडी वेगासाठी बांधलेली असते. पेशंट आल्यापासून डॉक्टर पोहोचेपर्यंतची मिनिटं भिंतीवरच्या पडद्यावर झळकत असतात. त्या इमारतीत सावकाशीचा एक कोपरा काढला, तर उरलेले आम्ही 'ते म्हाताऱ्यांचं, तिच्याकडे पाठवा' म्हणून मोकळे तर होणार नाही? तिने वेगळ्या खोल्या मागितल्या नाहीत, यातच मला तिचं शहाणपण दिसतं. वास्तुविशारदाने आराखडे आणले होते, लाकडी रंगाच्या जमिनीचे. तिने त्यातलं प्रत्येक खोलीत दिसेल असं मोठ्या आकड्यांचं घड्याळ तेवढं घेतलं.

खालच्या पातळीचं मानांकन मिळालं. आता दुसऱ्या पातळीची खटपट चालू आहे. तिथे मुख्य अडसर आहे नर्सचा: पेशंटची घरची व्यवस्था लावणारी नर्स ईडीत आठवड्याला किमान छप्पन तास हवी. वित्त विभागाने चाळीस मंजूर केले, शनिवार-रविवार सोडून. माणसं शनिवारीही पडतात, हे तिने सांगून पाहिलं. आता ती ट्रॉमा विभागाच्या समन्वयक नर्सचे सुट्टीच्या दिवसांतले तास उसने मागते आहे. ट्रॉमाच्या डायरेक्टरला बदल्यात आपल्या सगळ्या डॉक्टरांसाठी नर्व्ह ब्लॉकचं प्रशिक्षण हवंय, आणि तेही त्याच्या सोयीच्या वारी. गेल्या आठवड्यात दोघं कॅफेटेरियात वेळापत्रक पसरून बसले होते. सोळा तासांपैकी बारांवर जमलंय. उरलेल्या चारांवर घासाघीस चालू आहे.