मेमरी फोम की स्प्रिंग? गादी घेण्यापूर्वी

लोकलमध्ये उभ्याने डोंबिवली-कल्याण गाठणाऱ्या पाठीला रात्री नीट आधार मिळायलाच हवा.

● मेमरी फोम : १९६६ मध्ये नासासाठी विमानांच्या आसनांकरिता विकसित झाला. अंगाच्या उबेने मऊ होऊन शरीराचा आकार घेतो. शेजारच्याने कूस बदलली तरी झोप मोडत नाही. मात्र उष्णता धरून ठेवतो. दुकानातल्या एसीत घट्ट वाटलेली गादी मे महिन्यात घरी जास्त दबते.

● स्प्रिंग : आत हवा खेळते, म्हणून ठाण्याच्या दमट हवेत बरी. बोनेल प्रकारात स्प्रिंगा एकमेकींना जोडलेल्या असल्याने हालचाल जाणवते. पॉकेट प्रकारात प्रत्येक स्प्रिंग स्वतंत्र कापडी पिशवीत असते, त्यामुळे हादरा कमी.

● कंबरदुखी : २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३१३ जणांवरील स्पॅनिश अभ्यासात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीने जुनाट दुखणे अधिक कमी झाले.

● जिना : लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत गुंडाळून येणारा फोम सहज वर जातो. डबल बेडची स्प्रिंगची गादी वळणावर अडू शकते. जिना आधी मोजा.

● पावसाळा : बॉक्स बेडच्या प्लायवर, गादीखाली ओल धरते. अधूनमधून गादी भिंतीला उभी करून पंखा लावा. मेमरी फोम कडक उन्हात टाकू नका.

● खरेदी : पलंगाचे आतले माप घ्या, ७२, ७५ आणि ७८ इंच लांबी सर्रास मिळते. दुकानात नेहमीच्या कुशीवर दहा मिनिटे पडून बघा. वॉरंटीत किती इंच खड्डा धरला जातो, तेही वाचा.