दिवाणांचं पत्र आणि घरोघरची लक्ष्मी

यवतमाळ, वणी, पुसदकडच्या जुन्या घरांत आजही देवघराच्या भिंतीवर कमळावर उभी असलेली चतुर्भुज लक्ष्मी भेटते. राजवाड्यांसाठी रंगवणाऱ्या चित्रकाराची लक्ष्मी शेतकऱ्याच्या घरी आली, त्यात एका पत्राचा मोठा वाटा आहे.

पत्र लिहिणारे सर टी. माधवराव तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. त्रावणकोर, इंदूर आणि १८७५ ते १८८२ या काळात बडोदा अशी त्यांची दिवाणगिरी. त्यांच्याच पुढाकाराने चित्रकार राजा रविवर्मा बडोद्याला आले आणि त्यांनी तरुण महाराज सयाजीरावांचं व्यक्तिचित्र रंगवलं. तैलचित्र ही तेव्हा राजेरजवाड्यांची आणि साहेबांची मिरासदारी होती.

१८८४च्या सुमारास माधवरावांनी रविवर्मांना लिहिलं, त्याचा आशय असा: माझ्या अनेक स्नेह्यांना तुमची चित्रं हवी आहेत, पण दोन हातांनी तुम्ही किती जणांना पुरे पडणार? निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्या. तुमचं नाव होईल आणि देशाचीही सेवा घडेल. आश्रयदात्याने स्वतःसाठी आणखी एक चित्र मागणं सोपं होतं. माधवरावांनी ते सगळ्यांसाठी मागितलं, यातच त्यांचं मोठेपण.

रविवर्मांनी पुढे युरोपातून यंत्रं आणून १८९४मध्ये मुंबईतच छापखाना काढला. काम मोठं नाजूक. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचं, शिळा ओली करून शाई फिरवायची. शाई रेघांना धरते, ओल्या जागी बसत नाही. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा आणि कागद मात्र तोच. तो केसभर जरी सरकला, तरी ओठांचा लाल रंग गालावर उतरायचा.

छापखाना पुढे लोणावळ्याजवळ हलला आणि कर्जामुळे अखेर जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकावा लागला. चित्रं मात्र गावोगाव पोचली. देवळाच्या पायरीवर ज्यांना अडवलं जाई, त्यांनाही देव घरात आणता आला. बायकांनी त्या लक्ष्मीला जरीचं लुगडं चिकटवलं, टिकल्यांचे दागिने चढवले.

घर पाडताना अशी तसबीर भंगारात देऊ नका. तिच्या खालच्या कडेला रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा अशी बारीक अक्षरं आहेत का पाहा. असतील तर ओल लागणार नाही अशा भिंतीवर तिला जागा द्या.